पडलात तर दंड! एनएचएलच्या पहिल्या मोसमाची भन्नाट कहाणी

मंडळी, हॉकी म्हटलं की आपल्याला आठवतं हिरवंगार मैदान, ध्यानचंद आणि पेनल्टी कॉर्नर. आज मात्र स्वेटर चढवा, मफलर गुंडाळा! आपण निघालोय कॅनडाला, थेट बर्फावर. काळ आहे डिसेंबर १९१७ ते मार्च १९१८. नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएलचा हा पहिलावहिला सीझन.

आज या लीगमध्ये ३२ संघ खेळतात. तेव्हा होते चार. आणि शुभारंभानंतर दोनच आठवड्यांत उरले तीन!

आग, अटक, पोतंभर चिल्लर, प्रार्थना करणारा गोलकीपर... सगळं या एकाच मोसमात. चला, पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) पडला, मॅच सुरू!

माहीत आहे का, ही लीग जन्माला आली ती एका माणसाला टाळण्यासाठी?

त्या गृहस्थांचं नाव एडी लिव्हिंगस्टन. टोरंटोच्या संघाचे मालक. त्या वेळी नॅशनल हॉकी असोसिएशन नावाची जुनी लीग होती आणि तिच्यातल्या बाकीच्या मालकांशी लिव्हिंगस्टनचे रोजचे खटके उडत. आता सभासदाला हाकलायचं तर भानगडी फार. मग बाकीच्यांनी भारी आयडिया काढली. त्याला बाहेर काढण्याऐवजी आपणच बाहेर पडायचं! २६ नोव्हेंबर १९१७ रोजी माँट्रियलच्या विंडसर हॉटेलात बैठक झाली, नवी लीग जाहीर झाली. घटना जुनीच, मालक बहुतेक जुनेच, जुन्या लीगचे सेक्रेटरी फ्रँक काल्डर हेच नव्या लीगचे अध्यक्ष. नाव तेवढं नवं. टोरंटोचा संघ नव्या लीगमध्ये आला, आणि लिव्हिंगस्टनसाहेब जुन्या लीगमध्ये एकटेच! सुंठीवाचून खोकला गेला.

या ऐतिहासिक घटनेची बातमी टिपायला हॉटेलबाहेर किती पत्रकार थांबले होते, ओळखा. एक! माँट्रियलचे एल्मर फर्ग्युसन. आज या लीगच्या एखाद्या खेळाडूने संघ बदलला तरी कॅमेऱ्यांची झुंबड उडते. त्या दिवशी अख्खी लीग जन्मली आणि पाळण्याजवळ एकच बातमीदार.

थांबा, त्याच्याही आधीचा एक मस्त किस्सा राहिलाच. जुन्या लीगच्या शेवटच्या मोसमात एक संघ चक्क लष्कराचा होता. कॅनडाच्या सैन्याची २२८वी बटालियन! पहिलं महायुद्ध पेटलेलं. फेब्रुवारी १९१७ मध्ये मोसम ऐन रंगात असताना वरून हुकूम आला आणि संघ स्टिका ठेवून युद्धाला निघाला. पॉइंट टेबलमधून एक संघ थेट रणांगणावर! लीगचं वेळापत्रक कोलमडलं. संघांची संख्या विषम नको म्हणून मालकांनी लगेच टोरंटोलाही वगळलं. लिव्हिंगस्टनबरोबरचं भांडण पेटलं ते इथं.

युद्धाची सावली नव्या लीगवरही होतीच. ओडी क्लेगहॉर्न हा नावाजलेला खेळाडू. त्याला लष्करी सेवेतून सूट मिळाली, पण अट अशी की हॉकी खेळायची नाही. बिचाऱ्याची बंदूकही सुटली आणि स्टिकही.

अब आएगा मजा. १९ डिसेंबर १९१७, पहिली रात्र.

दोन शहरांत दोन मॅचेस. माँट्रियलमध्ये वाँडरर्स विरुद्ध टोरंटो, ओटावात सेनेटर्स विरुद्ध माँट्रियलचाच दुसरा संघ कॅनेडियन्स. ओटावात तर खेळाडूंचं करारावरून बिनसलेलं, मॅच उशिरा सुरू. तिकडे वाँडरर्सच्या डेव्ह रिचीने लीगच्या इतिहासातला पहिला गोल ठोकून टाकला.

आणि स्कोअर? वाँडरर्स १०, टोरंटो ९. एका मॅचमध्ये १९ गोल! ओटावात कॅनेडियन्स जिंकले ७-४. म्हणजे पहिल्याच रात्री एकूण ३० गोल. गोलांचा नुसता पाऊस... सॉरी, हिमवर्षाव!

आता सांगा, वाँडरर्सची ती १९ गोलांची मेजवानी बघायला किती प्रेक्षक असतील? जेमतेम ७०० च्या आसपास. गणवेशातल्या सैनिकांना फुकट प्रवेश ठेवूनसुद्धा. मला राहून राहून त्या सातशे जणांचा हेवा वाटतो. आपण काय बघतोय याची त्यांना कल्पनाही नसेल.

माहीत आहे का, वाँडरर्सच्या त्या संघात एक आर्ट रॉस नावाचा खेळाडू होता? एनएचएलमध्ये तो फक्त ३ मॅचेस खेळला. गोल केला फक्त १. आणि आज लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स मिळवणाऱ्या खेळाडूला जी ट्रॉफी देतात, तिचं नाव काय? आर्ट रॉस ट्रॉफी! रॉस आधीच्या लीगांमधला नाणावलेला बचावपटू होता, पुढे बोस्टनला त्याने मॅनेजर आणि कोच म्हणून मोठं काम केलं आणि ट्रॉफीही त्यानेच दिली. म्हणून हा मान. पण आकडे बघून गंमत वाटतेच ना? एका गोलवाल्याच्या नावाची ट्रॉफी वेन ग्रेट्झ्कीसारख्या गोलंदाज नव्हे, गोलसम्राटाने १० वेळा घरी नेली!

आता जरा आवाज खाली.

२ जानेवारी १९१८. माँट्रियल अरीना ही खास हॉकीसाठी बांधलेल्या सुरुवातीच्या काही इमारतींपैकी एक. वाँडरर्स आणि कॅनेडियन्स, दोघांचंही घर तेच. त्या दिवशी अरीनाला आग लागली आणि सगळं जळून खाक झालं. दोन्ही संघांचं सामानही गेलं. कॅनेडियन्सनी शहरातल्याच लहानशा ज्युबिली रिंकवर पथारी पसरली. वाँडरर्सचे मालक सॅम लिख्टनहाइन मात्र आधीच खेळाडूंच्या तुटवड्याने मेटाकुटीला आले होते. त्यांनी संघच बंद केला.

हॉकीतला मानाचा स्टॅन्ली कप अनेकदा उंचावलेला, एकेकाळी दरारा असलेला हा संघ. एनएचएलमध्ये खेळला फक्त ४ मॅचेस. जिंकला एकच, तीच पहिल्या रात्रीची १०-९. पुढच्या दोन मॅचेस न खेळताच हरल्याची नोंद झाली आणि प्रतिस्पर्ध्यांना बसल्या जागी विजय मिळाले. पहिला गोल वाँडरर्सचा, पहिल्या रात्रीचा थरार वाँडरर्सचा, आणि पहिला निरोपही वाँडरर्सचाच.

हं, डोळे पुसा. कारण आता येतोय माझा सगळ्यात लाडका किस्सा!

माहीत आहे का, त्या काळी गोलकीपरने खाली पडून पक अडवणं हा गुन्हा होता?

होय! गोलकीपरने उभंच राहायचं. गुडघे टेकले, आडवा झाला की पंचांची शिट्टी, शिक्षा आणि दंड. आता ओटावाच्या क्लिंट बेनेडिक्टचं काय करायचं? हा पठ्ठ्या मॅचमध्ये सारखा ‘घसरायचा’. बर्फावर माणूस घसरणारच, पंच तरी काय बोलणार? पण बेनेडिक्ट बरोब्बर पक येईल तिकडेच घसरायचा! कधी गुडघ्यांवर बसला की वाटावं, देवाचं नाव घेतोय. टोरंटोच्या प्रेक्षकांनी त्याला नावच ठेवलं, ‘प्रेइंग बेनी’. प्रार्थना करणारा बेनी. प्रार्थना फळत होती, कारण पक आत जातच नव्हता.

शेवटी अध्यक्ष काल्डर यांनी हात टेकले, म्हणजे गोलकीपरला टेकू दिले! ९ जानेवारी १९१८ रोजी नियम बदलला. यापुढे गोलकीपर गुडघ्यांवर पडो नाहीतर डोक्यावर उभा राहो, पक अडवला म्हणजे झालं, असा काल्डर यांचा पवित्रा होता. आजही गोलकीपरने कमाल केली की इंग्रजी समालोचक म्हणतात, आज हा डोक्यावर उभा राहिला. त्या वाक्प्रचाराचं मूळ हॉकीप्रेमी काल्डर यांच्या त्या बोलण्यात शोधतात.

आणि ऐका. आज टीव्हीवर जो गोलकीपर दोन्ही पाय पसरून बर्फावर फतकल मारतो, पंख उघडलेल्या फुलपाखरासारखा, त्याला तसं बसण्याचा हक्क मिळाला तो याच मोसमात. मोसम चालू असताना! क्रिकेटमध्ये मालिकेच्या तिसऱ्या कसोटीपासून एलबीडब्ल्यूचा नियम बदलला तर कसं वाटेल? तस्संच.

बरं, हे सगळं मास्कशिवाय बरं का. पक म्हणजे साधारण १७० ग्रॅमची कडक रबरी चकती. ती सणसणत येणार आणि समोर उघडा चेहरा. पुढे १९३० मध्ये एनएचएलमध्ये पहिला मास्क कोणी घातला असेल? आपल्या बेनीनेच! पकने नाक फोडल्यावर.

गोलकीपरचं झालं, आता त्यांची झोप उडवणारा माणूस. जो मलोन!

टोपणनाव ‘फँटम’, म्हणजे भूत. दिसायचा नाही, पण गोल झालेला दिसायचा. मलोन मूळचा क्वेबेकचा. क्वेबेकने त्या वर्षी संघ उतरवला नाही, त्यांचे खेळाडू बाकीच्या संघांनी वाटून घेतले आणि कॅनेडियन्सच्या पदरात हे रत्न पडलं. पहिल्याच रात्री मलोनचे ५ गोल. पुढे त्याच मोसमात आणखी दोनदा एका मॅचमध्ये ५ गोल. पहिल्या १४ मॅचेसमध्ये एकही मॅच गोलविना नाही. मोसमअखेर आकडा झाला ४४. मॅचेस किती? फक्त २०!

कॅलक्युलेटर काढा. मॅचमागे २.२ गोल. याच वेगाने आजच्या ८२ मॅचेसचा मोसम खेळला असता तर गोल झाले असते १८०. वेन ग्रेट्झ्कीचा एका मोसमातला विक्रम आहे ९२ गोलांचा, १९८१-८२ चा, ८० मॅचेसमध्ये. म्हणजे मॅचमागे सव्वासुद्धा नाही. मलोनचा सरासरीचा हा विक्रम शंभर वर्षं उलटली तरी कोणाला मोडता आलेला नाही. ४४ गोलांचा आकडा तरी किती टिकावा? १९४४-४५ पर्यंत! तेव्हा मॉरिस रिशारने ५० मॅचेसमध्ये ५० गोल केले. २७ वर्षं त्या भुताने विक्रमांचं पुस्तक झपाटलं होतं.

आता कोणी म्हणेल, तेव्हा गोल करणं सोपं असेल. अजिबात नाही हो! पुढे पास द्यायलाच बंदी होती. रग्बीसारखं. पक पुढे न्यायचा तर स्वतःच स्केटिंग करत, स्टिकने खेळवत न्यायचा, नाहीतर मागे द्यायचा. बदली खेळाडू मोजकेच, त्यामुळे बहुतेकांना जवळजवळ पूर्ण ६० मिनिटं पळावं लागे. आज खेळाडू पाऊण-एक मिनिट खेळून बाकावर येतो, दम खातो. मलोनला दम खायला वेळ नव्हता आणि गोलकीपरांना दम धरायला!

चला, थोडी चिल्लर मोजूया.

टोरंटोचा केन रँडल. अंगावर दंडाची थकबाकी ३५ डॉलर. फेब्रुवारीत ओटावाविरुद्धच्या मॅचआधी त्याला बजावलं गेलं, पैसे भर, नाहीतर खेळायचं नाही. रँडलने काय करावं? ३२ डॉलरच्या नोटा दिल्या आणि उरलेल्या ३ डॉलरसाठी पुढे केली एक थैली. आत एक सेंटची ३०० नाणी! चिल्लर घ्यायला नकार मिळाला. रँडलने थैली सरळ बर्फावर भिरकावली. तेवढ्यात ओटावाच्या एका खेळाडूने, पक समजून म्हणा की गंमत म्हणून, थैलीला स्टिकचा फटका हाणला. झालं! थैली फुटली, सुटे पैसे सुटले! तांब्याची तांबूस नाणी पांढऱ्याशुभ्र बर्फावर खळ्ळकन चहूकडे घरंगळली. स्केट्सच्या पात्याखाली एक जरी नाणं आलं तरी माणूस तोंडावर आपटणार. त्यामुळे एकेक नाणं वेचून होईपर्यंत मॅच खोळंबली. बसच्या कंडक्टरला शंभराची नोट देणाऱ्यांनो, हा त्याच्या बरोब्बर उलटा प्रकार!

माहीत आहे का, त्या मोसमात दोन खेळाडूंना मॅचमधल्या मारामारीबद्दल अटकही झाली?

२८ जानेवारी, टोरंटो. टोरंटोचा आल्फ स्किनर आणि कॅनेडियन्सचा जो हॉल. हॉलचं टोपणनावच ‘बॅड जो’. दोघांनी स्टिकांनीच एकमेकांना धुतलं. पंचांनी बाहेर काढलं, दंड ठोकला, आणि बाहेर पोलीस हजर! शांतताभंगाचा गुन्हा. न्यायालयाने शिक्षा स्थगित ठेवून सोडून दिलं. याच बॅड जोला पुढच्याच वर्षी, एप्रिल १९१९ मध्ये, सिअ‍ॅटलमध्ये फ्लूच्या साथीने गाठलं. स्टॅन्ली कपची अंतिम मालिका अर्धवट राहिली आणि तो त्यातून उठलाच नाही. बर्फावर कोणापुढेही न हटणारा हा माणूस वाचनातून असा अचानक निघून जातो तेव्हा चटका बसतो.

गाडी पुन्हा रुळावर. झॉर्झ वेझिना! नाव ओळखीचं वाटतंय? लीगच्या सर्वोत्तम गोलकीपरला दरवर्षी वेझिना ट्रॉफी मिळते, तोच हा. शांत इतका की लोक त्याला त्याच्या गावाच्या नावाने ‘शिकूटिमीची काकडी’ म्हणत. तापलेल्या मॅचमध्येही डोकं काकडीसारखं थंड! १८ फेब्रुवारीला त्याने टोरंटोला शून्यावर रोखलं, ९-०. एनएचएलमधला पहिला शटआउट. आठवडाभराने बेनेडिक्टने वेझिनाच्याच कॅनेडियन्सना ८-० ने धुतलं. अख्ख्या मोसमात शटआउट एवढे दोनच. काकडीला प्रार्थनेचं उत्तर!

आणि टोरंटोचा हॅरी ममरी? धिप्पाड बचावपटू आणि अट्टल खवय्या. मॅचआधी तो अरीनाच्या बॉयलरखोलीत कोळशाच्या फावड्यावर मांसाचा तुकडा भाजून खायचा, असा किस्सा हॉकीवाले रंगवून सांगतात. बर्फाच्या घरात तव्याची सोय!

आता फायनलकडे. मोसमाचे दोन भाग होते. पहिला जिंकला कॅनेडियन्सनी, दुसरा टोरंटोने. मग दोघांमध्ये दोन मॅचेस, गोलांची बेरीज करायची. टोरंटो १०, कॅनेडियन्स ७. मलोन असूनही! टोरंटो स्टॅन्ली कपच्या लढतीत, आणि समोर पश्चिम किनाऱ्यावरच्या दुसऱ्या लीगचे विजेते, व्हँकुव्हर मिलियनेअर्स. रेल्वेने अख्खा कॅनडा ओलांडून आलेले.

जाता जाता, हे स्टॅन्ली कोण? कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली. १८९२ मध्ये त्यांनी १० गिनींना चांदीची एक वाटी घेऊन हॉकीला भेट दिली. आणि त्यांचे थोरले बंधू कोण, माहीत आहे का? एडवर्ड स्टॅन्ली, १८५८ मध्ये कंपनी सरकार गेलं तेव्हाचे ब्रिटनचे पहिले भारतमंत्री! थोरल्याकडे हिंदुस्थानचा कारभार, धाकट्याच्या नावे बर्फावरचा कप.

फायनलचा ट्विस्ट तर ऐका! दोन लीग, दोन नियमपुस्तकं. पूर्वेकडे संघात सहा जण, पुढे पास बंद. पश्चिमेकडे सात जण आणि पुढे पास चालू. सातवा तो ‘रोव्हर’, मैदानभर मोकाट भटकणारा. मग कोणाचे नियम लावायचे? तोडगा असा, एक मॅच तुमच्या नियमांनी, एक आमच्या! पाचही मॅचेस टोरंटोतच.

पूर्वेचे नियम, टोरंटो ५-३. पश्चिमेचे नियम, व्हँकुव्हर ६-४. पुन्हा पूर्वेचे, टोरंटो ६-३. पुन्हा पश्चिमेचे, व्हँकुव्हर ८-१. ज्याचे नियम त्याचा विजय! आणि निर्णायक पाचव्या मॅचला पाळी कोणाच्या नियमांची? पूर्वेच्या. ३० मार्च १९१८. स्कोअर १-१, श्वास रोखलेले, आणि टोरंटोच्या कॉर्ब डेनेनीने विजयी गोल केला. २-१! पाळी उलटी लागली असती तर? हॉकीवाले यावर आजही हिरिरीने बोलतात आणि मीही त्यांच्यात आहे.

टोरंटोच्या गोलात होता हॅप होम्स. हा गडी म्हणजे चालताबोलता ताईत. १९१७ मध्ये तो सिअ‍ॅटलकडून कप जिंकला, अमेरिकन शहराला मिळालेला तो पहिलाच कप. १९१८ मध्ये टोरंटोकडून जिंकला. कारकिर्दीत एकूण चार कप जिंकले.

टोरंटोच्या त्या संघाला धड ठरलेलं नावही नव्हतं. लोक नुसतं ‘टोरंटो’ म्हणत. पुढे लोकांनी अरीनावरून ‘अरीनाज’ म्हटलं, मग संघ झाला सेंट पॅट्रिक्स, आणि १९२७ पासून मेपल लीफ्स, जो आजही खेळतोय. कप जिंकला, पण कपावर नाव कोरायचं राहूनच गेलं. ते कोरलं गेलं जवळपास ३० वर्षांनी!

आणि हरलेले व्हँकुव्हरवाले? त्यांनी १९१५ मध्ये कप जिंकला होता, तेव्हाच आपल्या खेळाडूंची नावं वाटीच्या आतल्या बाजूला कोरून ठेवली होती. त्यामुळे ३० मार्चच्या त्या रात्री टोरंटोच्या खेळाडूंनी ज्या कपात डोकावून पाहिलं असेल, त्यात त्यांना नुकत्याच हरवलेल्या पाहुण्यांची नावं चमकत होती.